रोझी उताणी पडली तेव्हा...

मुलांनो, शेजारचे काका-काकू गावाला जाताना तुमच्या घरी काय काय सोपवून जातात? घराची किल्ली, तुळशीला पाणी घालायचं काम, फार तर मांजराला दूध द्यायचं. माझ्यावर मात्र एकदा आठवडाभर कोळी सांभाळायची वेळ आली. घराच्या कोपऱ्यात जाळं विणून बसतो, तो चिमुकला कोळी नव्हे हं! पाय पसरले की माझा अख्खा तळहात भरून जाईल एवढा मोठा, अंगभर केस असलेला टॅरंटुला. आणि त्या आठवड्यात माझ्या हातून तो मरता मरता वाचला. कसा, तेच आज तुम्हांला सांगणार आहे.

२०१८ सालच्या ऑक्टोबरची ही गोष्ट. माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या रेडिंग या गावी राहते. मी तिच्याकडे दोन महिने राहायला गेले होते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तेव्हा बारा वर्षांचा होता. स्टेशनवरून घरी आल्यावर त्याने माझी बॅगसुद्धा जमिनीवर टेकू दिली नाही.

"मावशी, आधी रोझीला भेट!"

मला वाटलं, कुत्री असेल. नाहीतर ससा. त्याच्या खोलीत टेबलावर एक काचेची पेटी होती. आत नारळाच्या भुश्याचा जाड थर, एका कडेला पाण्याची छोटी बशी आणि आडवी ठेवलेली अर्धी फुटकी कुंडी. त्या कुंडीच्या गुहेतून दोन केसाळ पाय बाहेर आले. मग आणखी दोन. मी अशी काही किंकाळी फोडली म्हणता, की खालच्या मजल्यावरून बहीण धावत वर आली!

भाचा मात्र शांतपणे म्हणाला, "तूच तिला घाबरवलंस."

पुढच्या काही दिवसांत त्याने मला रोझीची सगळी माहिती दिली. ती चिलियन रोझ जातीची. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, कोरड्या माळरानात बीळ करून राहणारी. चिलीतले लोक असल्या कोळ्याला 'कोंबडीच्या पिल्लासारखा कोळी' अशा अर्थाच्या नावाने हाक मारतात. अंगावरचे मऊ केस पाहिले की ते नाव पटतं. तिला विष असतं, पण ते तिच्या भक्ष्यापुरतं. माणसाला तिचा चावा सहसा जिवावर बेतत नाही. खरी भीती असते ती तिच्या पोटावरच्या केसांची. कोणी फार छळलं तर ती मागच्या पायांनी ते बारीक केस झाडते. कातडीवर पडले तर खाज सुटते आणि डोळ्यांत गेले तर फार त्रास होतो. म्हणून पेटीत तोंड घालून बघायचं नाही आणि पेटीला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा त्या घरातला नियम.

"आणि तिला हातात घ्यायचं नाही," भाचा म्हणाला.

"चावेल म्हणून?"

"नाही गं. पडेल म्हणून! तिचं पोट इतकं नाजूक असतं की टेबलावरून खाली पडली तरी फुटू शकतं."

खरं सांगते, त्या वाक्यानंतर मला रोझीची भीती थोडी कमी वाटायला लागली. जो आपल्याला घाबरतो, त्याला आपण किती घाबरायचं?

तिकडे ऑक्टोबरच्या शेवटी शाळांना आठवडाभर सुटी असते. बहिणीच्या घरच्यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या स्काय बेटावर जायचं ठरवलं होतं. मीही जाणार होते; पण निघायच्या चार दिवस आधी जिन्यावरून माझा पाय मुरगळला आणि घोटा हा असा सुजला! डॉक्टरांनी चालायला मनाई केली. मग ठरलं, की मी घरीच राहायचं. आता रोझीला सांभाळायला माणूस मिळाल्यामुळे भाच्याला आनंद झाला, की मी येणार नाही म्हणून वाईट वाटलं, हे काही मला कळलं नाही.

शनिवारी पहाटे ती मंडळी गाडीने निघाली. जाण्यापूर्वी भाच्याने वहीचा एक कागद माझ्या हातात दिला. वर लिहिलं होतं, 'मावशीसाठी सूचना'. मी तो लगेच वाचला आणि विसरायला नको म्हणून फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने चिकटवला. सूचना अगदी सोप्या होत्या. बशीत रोज ताजं पाणी भरायचं. पेटी उन्हात ठेवायची नाही. झाकण नीट लावायचं. आणि शेवटची सूचना, 'सोमवारी संध्याकाळी दोन रातकिडे सोड.'

हो, रातकिडे! तिकडे पाळीव प्राण्यांच्या दुकानात भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत जिवंत रातकिडे विकत मिळतात. ती डबी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती आणि रात्री तिच्यातून किर्र किर्र सुरू झालं, की मला आमच्या गावचं अंगण आठवायचं.

सोमवारी संध्याकाळी मी जीव मुठीत धरून लांब चिमट्याने दोन रातकिडे पेटीत सोडले. रोझी जागची हलली नाही. एक रातकिडा तर तिच्या पायाजवळून टुणटुण करत गेला. तिने पाय तेवढा आत घेतला. मंगळवारी सकाळी पाहते तो दोन्ही रातकिडे ठणठणीत!

मी निरखून पाहिलं. रोझी मला बरी दिसेना. तिच्या पोटावर मागच्या बाजूला केस गेलेला एक ठिपका होता. आधी तो गुलबट दिसायचा. आता काळाकुट्ट झाला होता. चालणं मंदावलं होतं. कुंडीसमोरच्या जागेत ती हळूहळू पांढरं रेशीम पसरत होती, जणू कोणी आजारी माणूस स्वतःच स्वतःचं अंथरूण घालतोय.

आता आपल्याकडे घरात कोणी जेवलं नाही की आपण काय करतो? आणखी वाढतो! 'एवढा भात तरी खा', 'बरं, दूध तरी घे'. मीही तेच केलं. वाटलं, हे दोन रातकिडे तिला आवडले नसतील. मी तिसरा सोडला. त्यातल्या त्यात गुबगुबीत निवडून!

बुधवारी पहाटे पाच वाजता पाय ठणकायला लागला म्हणून मला जाग आली. ऑक्टोबरअखेर तिकडे पावणेआठपर्यंत नीट उजाडत नाही. बाहेर मिट्ट काळोख. औषध घेऊन येताना सहज भाच्याच्या खोलीत डोकावले, दिवा लावला आणि माझ्या हातापायांतलं बळच गेलं. रोझी त्या पांढऱ्या रेशमावर उताणी पडली होती. आठही पाय वर. हालचाल नाही.

रोझी मेली!

मी तिथेच खुर्चीत बसले. आठवडाभरासाठी मुलाने विश्वासाने एक जीव माझ्याकडे सोपवला आणि तो मला सांभाळता आला नाही. त्याला काय सांगू? फोन लावला, पण बेटावरच्या त्या घरात फोनला रेंज येत नव्हती. तीनदा लावला, तीनदा तेच. शेवटी विचार केला, निदान तिला नीट सरळ करून ठेवू. त्याने येऊन पाहिलं तर ती अशी उताणी दिसायला नको. मी लंगडत स्वयंपाकघरात गेले आणि काय आणलं माहीत आहे? पोळ्या उलटायचं उलथणं!

झाकण उघडलं. उलथणं हळूच तिच्या अंगाखाली सरकवणार, तेवढ्यात तिचा एक पाय हलला. अगदी किंचित. झोपेत आपलं बोट हलतं ना, तसा.

माझा हात थांबला. आणि का कोण जाणे, त्या क्षणी मला मराठवाड्यातलं माझ्या आत्याचं घर आठवलं. आत्याकडे तुतीचं शेत होतं आणि एका मोठ्या खोलीत रेशीमकिडे पाळलेले असत. मी तुमच्याएवढी असताना एका सुटीत तिथे गेले होते. दिवसभर अळ्यांना तुतीचा पाला घालायचा आणि त्यांचा कुरकुर खाण्याचा आवाज ऐकायचा, हा माझा उद्योग. एके दिवशी पाहते तो सगळ्या अळ्या मान वर करून गप्प. खाणं बंद. मी घाबरून पाल्याची टोपली घेऊन धावले. आत्याने माझा हात धरला.

"आज पाला घालायचा नाही. कात टाकतायत त्या. अशा वेळी त्यांना शिवायचंसुद्धा नाही. आपण गप बसायचं."

रेशीमकिडा अळी असताना चार वेळा कात टाकतो. त्या वेळी शेतकरी पाला थांबवतात, चुन्याची पूड भुरभुरून अळ्यांची जागा कोरडी ठेवतात आणि वाट पाहतात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण रेशीमकिड्याचा आणि कोळ्याचा काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

उलथणं बाजूला ठेवलं. भाच्याने कुठे दुकानाचा नंबर लिहिला असेल तर पाहावा म्हणून मी फ्रिजवरचा कागद ओढून काढला. कागद उलटा झाला. मागच्या बाजूलाही लिहिलेलं होतं! शनिवारपासून ते फ्रिजच्या दाराकडे तोंड करून होतं आणि मी एकदाही कागद उलटून पाहिला नव्हता. तिथे लिहिलं होतं:

'रातकिडे खाल्ले नाहीत तर सकाळी काढून टाक. कदाचित ती कात टाकणार असेल.

ती उताणी पडली तर घाबरू नकोस. मेलेला कोळी बहुतेक वेळा उताणा नसतो. तो पालथाच असतो आणि त्याचे पाय पोटाखाली मुडपलेले असतात.

उताणी असताना तिला हात लावू नकोस, सरळ करू नकोस, पेटी हलवू नकोस, अंगावर पाणी उडवू नकोस.

पेटीत रातकिडा असेल तर तो काढ. हे सगळ्यात महत्त्वाचं!!!'

तीन उद्गारचिन्हं होती. आणि पेटीत रातकिडेही तीनच होते.

मुलांनो, रातकिड्यासारख्या क्षुल्लक किड्याने एवढ्या मोठ्या कोळ्याचं काय वाकडं होणार, असं तुम्हांला वाटेल. एरवी काहीच होणार नाही. पण कात टाकताना कोळ्याचं नवीन अंग लोण्यासारखं मऊ असतं. त्याचे विषदंतसुद्धा मऊ असतात. तो पळू शकत नाही, चावू शकत नाही, साधा पाय झाडू शकत नाही. आणि भुकेला रातकिडा समोर येईल ते कुरतडतो. कात टाकणाऱ्या टॅरंटुलाला त्याचंच खाद्य खाऊन टाकू शकतं!

मी चिमटा घेतला. पेटीला धक्का लागू द्यायचा नव्हता. पहिला रातकिडा पाण्याच्या बशीपाशी होता, तो पटकन सापडला. दुसरा काचेवर चढत होता, त्याच्यावर पेला पालथा घातला, खालून पोस्टकार्ड सरकवलं आणि त्याला बाहेर काढलं. तिसरा मात्र दिसेना. तोच तो, मी निवडलेला गुबगुबीत! खाली वाकून पाहिलं, तर साहेब कुंडीच्या आत, रोझीच्या अंथरुणापासून चार बोटांवर. कुंडी उचलावी तर रेशीम ओढलं जाणार. चिमटा घालावा तर तो रोझीच्या अंगावरच उडी मारणार.

काय करावं? एकदम आठवलं, भाचा त्या डबीतल्या रातकिड्यांना गाजराचे तुकडे खायला देतो. आदल्या दिवशी कोशिंबिरीसाठी आणलेलं गाजर होतं. एक चकती कापली आणि चिमट्याने पेटीच्या अगदी लांबच्या कोपऱ्यात ठेवली. मग खोलीतला दिवा मालवला, जिन्यातला तेवढा चालू ठेवला आणि बसले. दहा मिनिटं गेली. वीस गेली. रातकिड्याच्या मिशा कुंडीबाहेर आल्या. पुन्हा आत गेल्या. माझा घोटा ठसठसत होता, पण हलायची सोय नव्हती. अर्ध्या तासाने स्वारी बाहेर आली, रोझीच्या वर केलेल्या पायाला अगदी घासून गेली आणि गाजरावर जाऊन बसली. मी पेला पालथा घातला. सापडला!

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

आता करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. फक्त पाहायचं. आणि जे पाहिलं, ते मी जन्मभर विसरणार नाही.

आपली हाडं अंगाच्या आत असतात आणि ती आपल्याबरोबर वाढतात. कोळ्याला आत हाडं नसतात. त्याच्या अंगाचं बाहेरचं आवरणच कडक असतं, चिलखतासारखं. चिलखत काही वाढत नाही. मग मोठं कसं व्हायचं? जुन्या चिलखताच्या आत नवं, मऊ, घड्या पडलेलं चिलखत तयार करायचं आणि जुनं टाकून द्यायचं. पिल्लू असताना टॅरंटुला वर्षातून अनेकदा कात टाकतो. मोठा झाल्यावर वर्षातून एकदा, कधी त्याहूनही उशिराने.

रोझीने आधी पोटातला द्रव छातीकडे ढकलला. तिच्या पाठीवरचं कडक झाकण कडेने उकललं आणि डबीचं झाकण उघडावं तसं सुटलं. मग पोटावरची कातडी फाटून मागे सरकू लागली. आणि मग पाय! आठही पाय एकाच वेळी, अंगठी बोटातून काढावी तसे, जुन्या पायांतून बाहेर यायला लागले. ती ओढायची, थांबायची. पुन्हा ओढायची, पुन्हा थांबायची. मध्ये इतका वेळ थांबायची, की मला वाटायचं, संपलं!

साडेसात वाजले. खिडकीबाहेर फटफटायला लागलं. सात पाय जवळजवळ मोकळे झाले होते. पण डाव्या बाजूचा शेवटचा पाय अडकला होता. ती ओढत होती आणि तो निघत नव्हता. माझ्या हातात चिमटा होता. जुन्या कातेचं टोक मला स्पष्ट दिसत होतं. एक हलकासा हिसका दिला की झालं, असं वाटत होतं. तुम्हीच सांगा, समोर कोणी धडपडत असताना हात आवरणं किती कठीण असतं!

तेवढ्यात फोन वाजला. भाचाच होता. पहाटेच्या माझ्या तीन फोनांची खूण अचानक रात्रीतून कधीतरी त्यांच्या फोनवर उमटली होती आणि उठल्या उठल्या बहीण गाडी काढून रेंज मिळेल तिथे आली होती.

"मावशी, काय झालं?"

मी सगळं सांगितलं. अडकलेल्या पायाचंही सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "चिमटा खाली ठेव. प्लीज, मावशी. तू ओढलंस तर पाय तुटेल आणि रक्त थांबणार नाही. पाय गेला तरी पुढच्या कातींमध्ये तो परत उगवतो. पण ती गेली तर परत येणार नाही."

त्याचा आवाज कापत होता. मी चिमटा ठेवला, त्याला ऐकू यावा असा टेबलावर आपटून ठेवला. मग मला राहवेना. मी म्हटलं, "राजा, आणखी एक सांगायचंय. मी कागदाची मागची बाजू वाचलीच नाही. रातकिडे तिच्याजवळ रात्रभर होते. दोन नाही, तीन. तिसरा मी माझ्या मनाने सोडला."

पुन्हा शांतता. मोठ्या माणसांना लहानांपुढे चूक कबूल करायची सवय नसते बघा. तो रागावणार, असं मला वाटलं. पण तो म्हणाला, "चूक माझीपण आहे. महत्त्वाचं मी मागच्या बाजूला लिहिलं. ते आधी लिहायला हवं होतं."

साडेआठच्या सुमारास तो शेवटचा पाय निघाला. आपोआप. थोडा वाकडा राहिला होता, पण निघाला. रोझी नव्या अंगाने रेशमावर पडून होती आणि शेजारी तिची रिकामी कात, जणू दुसरी रोझीच! दुपारी पाहिलं तेव्हा ती सरळ झाली होती. काय तिचा रंग! आधीची मळकट तपकिरी छटा जाऊन अंगावर गुलाबी झाक आली होती आणि पोटावरच्या काळ्या ठिपक्याच्या जागी नवे केस होते. तिचे विषदंत मात्र पांढरेशुभ्र होते, दुधाच्या दातांसारखे. ते आधी लालसर आणि मग काळे होतात. काळे होऊन कडक होईपर्यंत तिला खायला द्यायचं नाही. मोठ्या टॅरंटुलाला त्यासाठी आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त लागतात. पाणी मात्र रोज द्यायचं, कारण कात टाकण्यात अंगातलं पाणी फार खर्च होतं.

शनिवारी रात्री सगळे परत आले. भाचा बूट न काढताच वर धावला. पेटीसमोर कितीतरी वेळ उभा राहिला, पण काचेला हात लावला नाही. मग खाली येऊन काही न बोलता मला मिठी मारली.

काही दिवसांनी रोझी अगदी ठीक झाल्यावर आम्ही ती कात बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली. त्यात तिच्या आठ डोळ्यांच्या जागाही दिसत होत्या. कोळी नुसती वरची कातडी टाकत नाही. विषदंतांवरचं आवरण, पोटातल्या एका भागाचं अस्तर, फुप्फुसांचं अस्तरसुद्धा टाकतो! कातेच्या आतल्या बाजूला पाहून जाणकाराला नर-मादीही ओळखता येते. रोझी मादीच ठरली. या मादीचं आयुष्य वीस वर्षं किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. हे ऐकून माझ्या बहिणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मुलगा कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, तरी कोळी घरात! पालकांनो, मुलांसाठी कुठलाही प्राणी घरी आणताना एवढा हिशेब आधी करायला हवा, नाही का?

मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली का मुडपतात, हेही मी भाच्यालाच विचारलं. कोळ्याच्या पायांत मुडपायचे स्नायू असतात. पण काही सांध्यांत पाय सरळ करायचे स्नायूच नसतात. अंगातला द्रव दाबाने पायांत ढकलून तो पाय सरळ करतो. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकर मारली की उलगडते आणि फुंकर थांबली की गुंडाळते, अगदी तसंच. जीव गेला की फुंकर थांबते. म्हणजे त्या पहाटे रोझीचे वर असलेले पाय 'मी जिवंत आहे' असंच सांगत होते. मलाच ते वाचता आलं नाही.

असा चमत्कार पाहायला इंग्लंडला जायला नको बरं का! मोरीत कधी पांढरंफटक झुरळ दिसलंय? ते वेगळ्या जातीचं नसतं. नुकतीच कात टाकलेलं साधं झुरळच असतं. काही तासांत ते तपकिरी होतं. खेकडाही असंच जुनं कवच टाकून मऊ अंगाने बिळात लपतो. जाळ्यात दिसणारा सुकलेला कोळी पुष्कळदा कोळी नसून त्याची कातच असते.

आपल्या सह्याद्रीतही टॅरंटुला आहेत, झाडांच्या ढोलीत आणि मातीच्या बिळांत राहणारे. पण त्यांना घरी आणायचा विचारही करू नका. आंध्र प्रदेशातल्या गुती या गावाजवळ सापडलेल्या एका निळ्याशार टॅरंटुलाची शास्त्रीय नोंद १८९९ साली झाली. आज तो नामशेष व्हायच्या अगदी काठावर आहे. त्याचं जंगल तुटतंय, आणि त्याच्या सुंदर रंगावर पाळणाऱ्यांचा डोळा असतो. रानातल्या कोळ्याला रानातच कात टाकू द्यावी. आपण लांबून पाहावं.

रोझीचं पुढे काय झालं, ते विचाराल ना? २०२० सालच्या उन्हाळ्यात, सगळे घरात बसून होते तेव्हा, एके रात्री भाच्याने फोटो पाठवला. रोझीने पुन्हा कात टाकली होती. डाव्या बाजूचा तो शेवटचा पाय आता सरळ होता. फोटोखाली त्याने लिहिलं होतं, 'मावशी, या वेळी कोणीच काही केलं नाही!'

तेव्हापासून मी दोन गोष्टी शिकले आहे. धडपडणाऱ्या प्रत्येकाला ओढून काढायचं नसतं. कधी कधी त्याच्या वाटेतला रातकिडा तेवढा उचलायचा आणि बाजूला बसून राहायचं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे, कागद हातात आला की आधी उलटून पाहायचा!